लाल पट्टीची टाकी

तुलाम्बेन, ३ फेब्रुवारी

लुह,

काल तुझी काडेक मावशी आली होती. चुलीपाशी बसली, कॉफी प्यायली, आणि अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाली, "ताई, सुराबायाहून कुणी पाच जण येणारेत. पाण्याखाली जायला नुकतेच शिकलेत. त्यांनी बुडीला नेणाऱ्या कुठल्या दुकानातून उतरावं गं?" मी म्हटलं, "कुणी पाच जण म्हणजे कोण?" तर म्हणे, "असेच, ओळखीतल्यांच्या ओळखीचे." काडेकला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात तिचे. मी म्हटलं, "पोरीनं विचारलंय ना? मग पोरीलाच लिहिते." तुझा पत्ता मी तिच्याकडून काढून घेतला, तिच्यावर चिडू नकोस. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी भलतंच काहीतरी बोलून बसते. म्हणून पत्र.

म्हणजे तू पाण्याखाली गेलीस! प्रमाणपत्र मिळालं म्हणे. मी बावीस वर्षं त्याच समुद्राच्या काठावर बुडी मारणाऱ्यांच्या हवेच्या टाक्या वाहतेय आणि गुडघ्यावर पाणी आलं की मागे फिरते. खाली काय असतं ते मला लोकांच्या चेहऱ्यांवरून कळतं. कुणी हसत वर येतं, कुणी देवाचं नाव घेत. एकदा एक म्हातारा रडत आला होता. मी विचारलं, लागलं का? तर म्हणे, नाही, सुंदर होतं.

तू तीन दुकानांची नावं पाठवलीस. आम्हा बायकांना ती नावं कुठली कळायला! आम्ही टाकीवरच्या पट्टीचा रंग ओळखतो. तुझी तीन म्हणजे पिवळी, पांढरी आणि लाल.

पिवळीवाली माणसं चांगली आहेत, पण एका गाइडमागे आठ-आठ जण उतरवतात. त्यांचा गाइड फोटो काढण्यात दंग असतो. मागचा कुठे राहिला ते त्याला वर आल्यावर समजतं. तुम्ही नवशिके, तुम्हाला ते परवडणार नाही.

पांढरीवाल्यांकडे बघितलंस तर तोंड वाकडं करशील. पोहण्याचा तलाव नाही, अंगातल्या रबरी कपड्यांना ठिगळं, चहा पत्र्याच्या कपात. पण त्यांची मालकीण आहे ना, इबू सारी, ती एका गाइडबरोबर चारांपेक्षा जास्त माणसं देत नाही. आणि नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला बुडालेल्या जहाजाकडे नेत नाहीत. काठाजवळच्या काळ्या वाळूत गुडघे टेकायला लावतात, मुखवट्यात पाणी भरून घ्यायला लावतात, श्वास कसा घेतो ते बघतात. लोक वैतागतात. "आम्ही पैसे मोजले ते वाळू बघायला का?" म्हणतात. वैतागू देत.

मला हे कसं कळतं विचारशील. अगं, मानेला कळतं. भरलेली टाकी आणि संपलेली टाकी यांत दोन-अडीच किलोंचा फरक असतो, एवढी हवा मावते तिच्यात. जाताना टाकी माझ्या डोक्यावर, येताना माझ्याच डोक्यावर. पांढरीच्या टाक्या परत येताना अजून थोड्या जड असतात, म्हणजे ते माणसाला वेळेत वर आणतात. लालच्या नवशिक्यांच्या टाक्या पिसासारख्या हलक्या येतात. शेवटच्या श्वासापर्यंत फिरवतात, गिऱ्हाईक खूश. एखाद्या दिवशी काय होईल ते कुणी सांगावं?

तेव्हा पांढरी. लाल मुळीच नको. का, ते विचारू नकोस.

जेवतेस ना वेळेवर? आईला एवढं तरी विचारू दे.

मेमे


१४ फेब्रुवारी

लुह,

तुझं पत्र आलं. तीन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजूनही ओळ वर चढत जाते तुझी. काडेकला वाचून दाखवायला लावलं नाही, मीच वाचलं, दोनदा.

तू लिहितेस की तुझ्या ऑफिसातल्या त्या रिझालनं लालवाल्यांशी बोलणं केलंय. पहिल्याच दिवशी जहाजाच्या खालच्या टोकापर्यंत नेतो म्हणाले, वर फोटो फुकट. आणि तू लिहितेस, "बापाच्या चुकीचा राग तू अजून त्या दुकानावर काढतेस. पाक लानुसनं तर उलट बापाचं दवाखान्याचं सगळं केलं."

केलं. खरंय. लालचा मालक म्हणून त्यानं केलं, ते मी नाकारत नाही.

आधी तुझ्या रिझालचं. त्याला म्हणावं, नवशिक्याला पहिल्या दिवशी खोल न्यायला जो लगेच हो म्हणतो, त्याला माणसाची ओळख नाही, गिऱ्हाइकाची आहे. तुमच्या प्रमाणपत्रावर अठरा मीटर लिहिलंय ना? मग तीस मीटरचं आमिष दाखवणारा तुमचं प्रमाणपत्र वाचतच नाही. दुकानात शिरलीस की चार गोष्टी विचार. गाइड कोण, आणि त्याच्याबरोबर माणसं किती? शेवटचं कधी उतरलात, हे ते तुला विचारतात का? टाकीतली हवा दाखवणारा काटा पाण्यात जायच्या आधी तुझ्यादेखत बघतात का? आणि शेवटची सगळ्यांत मोठी: तू ऐनवेळी "मी नाही उतरत" म्हणालीस तर त्यांचं तोंड कसं होतं? हे विचारून कळत नाही, म्हणून बघावं लागतं. ज्या दुकानात माणसाला नाही म्हणता येत नाही तिथे चपलासुद्धा काढू नये.

आता तुझ्या बापाच्या अपघाताचं. गेदे तेव्हा लालकडे गाइड होता. ती बाई, बांडुंगची शाळामास्तरीण, नवशिकी, तुझ्यासारखीच. तिच्या काट्यात बिघाड होता. आदल्या दिवशी बुडी संपली तरी काटा दोनशेवरच, म्हणजे टाकी पूर्ण भरल्यासारखा, अडकून बसलेला. गेदेनं संध्याकाळी लानुसला सांगितलं होतं. सकाळी तोच काटा परत त्याच बाईच्या गळ्यात. मग तो दोनशे दाखवतोय याला अर्थ काय? खाली तिची हवा संपली, काटा दोनशेच. ती घाबरून सुसाट वर निघाली आणि तुझा बाप तिला धरायला तितक्याच वेगानं तिच्यामागे. तिच्या नाकातून रक्त आलं, दोन दिवसांत बरी झाली. तुझ्या बापाची ती त्या सकाळची दुसरी बुडी होती, आणि इतक्या घाईनं वर आलं की रक्तात विरलेली हवा फेसाळते. त्याचे पाय गेले.

गाव म्हणालं गेदेनं काटा बघितला नाही. लानुस म्हणाला म्हणून गाव म्हणालं. तुझ्या बापानं काटा बघितला होता, लुह. आदल्या संध्याकाळपासून तो त्या काट्याबद्दलच बोलत होता.

हे तुला आठ वर्षांनी सांगतेय. बरं नाही केलं मी.

मेमे


२३ फेब्रुवारी

लुह,

तुझं पत्र एका ओळीचं. "मग तेव्हा का बोलली नाहीस?" खाली नावसुद्धा नाही. तोंडात मारल्यासारखं झालं, पण लागायलाच हवं होतं.

उत्तर देते. आडपडदा ठेवत नाही.

त्या सकाळी ती टाकी मीच वाहिली. डोक्यावर घेतली आणि मला कळलं, ही भरलेली नाही. अर्धीच्या थोडी वर असेल. लानुसचं हवा भरायचं यंत्र बिघडलं होतं आणि त्या दिवशी मोठ्या जहाजातून चाळीस माणसं आली होती. कालच्या वापरलेल्या टाक्या तशाच रांगेत लावल्या होत्या. मी दगडांवरून चालत गेले, टाकी उतरवली, आणि गप्प बसले.

का? तर त्याच्या पंधरा दिवस आधी मी अशीच एक लाल टाकी पाहुण्यांसमोर खाली ठेवून म्हटलं होतं, "ही हलकी आहे." लानुसनं तेव्हा हसून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी आमच्या ओझंवाल्या बायकांच्या मंडळाच्या मुकादमबाईला सांगितलं, नेंगाहला लालच्या पाळीवर घेऊ नका. नऊ दिवस मी घरी बसले. दहाव्या दिवशी जाऊन माफी मागितली. लानुस म्हणाला, "नेंगाह, तुझं काम मानेचं. तोंडाचं नाही." बायका हसल्या, मीही हसले. तेव्हापासून कानाला खडा लावला होता.

पुढे गेदेला देनपासारला नेलं, रक्तातली हवा जिरवायला दाबाच्या खोलीत ठेवलं, सहा वेळा. लानुसनं सगळं केलं हे तू म्हणतेस ते खरं. पण तो घरी येऊन काय म्हणाला ते तुला माहीत नाही. म्हणाला, "चौकशीला माणूस येईल. गेदेनं काटा बघायचा राहून गेला, एवढंच. तेवढं सांगितलं की गेदेचे उपचार पूर्ण होतात." त्या माणसानं मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मी ओझंवाली बाई, मला काट्यातलं काय कळतं?" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, पण माझं तोंड मीच दाबलं होतं.

गेदे मला म्हणाला होता, "गावाला नको सांगू. पण लुहला तरी सांग." मी म्हटलं, ती सतरा वर्षांची, तिच्या पोटात काही राहत नाही, शाळेत बोलेल. थांब जरा. मग तू त्याला तोंडावर म्हणालीस, तू निष्काळजी आहेस, मला तुझं नाव सांगायची लाज वाटते. आणि गेलीस. मी त्यानंतरही थांबले. पाच वर्षं थांबले, तोवर तोच गेला. दहनाला तू आलीस आणि न जेवता परत गेलीस, तेव्हा स्मशानाच्या वाटेवर मी तुझ्यामागे वीस पावलं चालले. एकविसावं टाकायचा धीर झाला नाही.

माझं चुकलं. तुझ्या बापाची चूक नव्हती, तुझीही नव्हती. तुला जे सांगितलं गेलं ते तू खरं मानलंस.

आता तरी लालकडे जाऊ नकोस. माझ्यावरचा राग समुद्रात काढू नकोस, पोरी. तिथे तो उपयोगाचा नाही.

मेमे


१० मार्च

लुह,

तू सोमवारी गेलीस आणि घर पुन्हा मोठं झालं. तुझी ओली टोपी खुंटीवरच राहिली. कोंबड्या तिला बघून ओरडतात.

आधी चांगलं सगळं लिहून काढते, मग जे लिहायचंय ते.

रविवारी सकाळी तुम्ही पाचही जण पांढरीच्या दारात उभे होतात, आणि तो रिझाल त्या ठिगळांच्या कपड्यांकडे असा बघत होता की जणू त्याला कुणी पोत्यात घालणार आहे. हसू दाबता दाबता माझ्या डोक्यावरची टाकी डुगडुगली. गाइड केतुत राईनं तुम्हाला एकेकाला विचारलं, शेवटचं कधी उतरलात, कान दुखतात का, रात्री काय प्यायलात. रिझाल म्हणाला, "लग्नाचं ठरवताय का?" केतुत म्हणाला, "लग्नात एवढं कोण विचारतं!" मला बरं वाटलं.

मी टाक्या ठेवून दगडांवर बसले. तू कंबरभर पाण्यात गेलीस, मुखवटा लावलास, काढलास, परत लावलास. मग मोठ्यानं म्हणालीस, "मी आता नाही उतरत." रिझालनं तोंड उघडलंच, "अगं, सुराबायाहून एवढं आलीस ते पाय भिजवायला?" मी केतुतच्या तोंडाकडे बघत होते. केतुत म्हणाला, "बरं. समुद्र कुठे पळून चाललाय? जा, चहा पी." आणि पाचव्या माणसासाठी दिलेल्या दुसऱ्या गाइड पोराला त्यानं काठावर तुझ्यापाशी पाठवलं, बाकीच्यांना घेऊन गेला. एवढंच झालं. एवढ्याशा गोष्टीला आमच्याकडे आठ वर्षं लागली.

तू ओल्या अंगानं माझ्या शेजारी येऊन बसलीस. चहा प्यायलीस. मग विचारलंस, "मेमे, त्या दिवशी बापा कुठे उभा होता?" मी बोटानं दाखवलं. तू म्हणालीस, सगळं सांग, आणि मी सांगितलं. काटा, हलकी टाकी, लानुसचं बोलणं. तू रडलीस, मीही रडले. दुपारी उतरलीस तेव्हा बुडबुडे वर येत होते तेवढा वेळ मी हलले नाही. पन्नास मिनिटांनी हसत वर आलीस. तुझी टाकी मी परत वाहिली, चांगली जड होती.

रिझाल मला बक्षिसी द्यायला आला, परक्या बाईला म्हणतात तसं म्हणाला, "इबू, घ्या." तू म्हणालीस, "अरे, ती माझी आई आहे!" त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी बक्षिसी घेतली. का सोडू?

संध्याकाळी देवळात बायका नैवेद्याच्या टोपल्या विणत बसल्या होत्या. तू म्हणालीस, आता गावाला सांग. तू शेजारी होतीस म्हणून मी सांगितलं. बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या. मग मुकादमबाई म्हणाली, "आम्हालाही त्या टाक्या हलक्या लागायच्या, नेंगाह. आम्हीही काही बोललो नाही." तिनं माझी पाठ थोपटली. सगळ्या म्हणाल्या, हिंमत केलीस. लानुसनं दुसऱ्या दिवशी लाल टाक्या मला देणं बंद केलं, आणि आमच्यातल्या चौघींनी आपण होऊन त्याच्या टाक्या उचलायला नकार दिला. गेदेचं नाव गावात पुन्हा सरळ घेतात. आणि तू जाताना मला मिठी मारलीस आणि म्हणालीस, "मेमे, निदान तू गप्प होतीस. खोटं तर बोलली नाहीस."

लुह, त्या मिठीवर माझा हक्क नव्हता. दोन दिवस मी पाठ थोपटून घेतेय आणि घास गिळवत नाही.

मी तुला लिहिलं की टाकी उतरवली आणि गप्प बसले. दगडांवरही तेच सांगितलं. ते तसं नव्हतं.

गेदेनं लानुसचं ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "या काट्यावर मी या बाईला घेऊन उतरत नाही." तीन वेळा म्हणाला; चाळीस पाहुणे पलीकडे खोळंबलेले, टाक्यांपाशी आम्ही तिघंच. लानुस म्हणाला, टाकी भरलेली आहे, काट्याचं काय घेऊन बसलास! तेव्हा गेदे माझ्याकडे वळला. सगळी दुकानं थट्टेनं म्हणायची ना, नेंगाहची मान काट्यापेक्षा खरी, म्हणून. तो म्हणाला, "नेंगाह, तू वाहिलीस ती. तू सांग. भरलेली आहे का?"

लानुस माझ्याकडे बघत होता. मला ते नऊ दिवस आठवले.

मी म्हटलं, "भरलेली आहे."

गेदे हसला. म्हणाला, "मग झालं तर." आणि त्या बाईला हात धरून पाण्यात घेऊन गेला.

वर आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. पण त्यानं ते कुणालाही सांगितलं नाही, चौकशीच्या माणसाला नाही, तुला नाही. मलाही त्यानं पुढच्या पाच वर्षांत एकदाही विचारलं नाही. "लुहला तरी सांग," एवढं म्हणाला होता, ते काय सांग म्हणाला होता ते मला तेव्हाच कळलं होतं.

तू पुढच्या महिन्यात परत येणार म्हणालीस. सारी तुझ्यासाठी जागा राखून ठेवणार आहे. तुझी टाकी मी वाहायची की दुसऱ्या कुणी, ते तू ठरव. दुसरी कुणी हवी असेल तर सारीला तसं सांग, ती कारण विचारेल, तिला खरं कारण सांग.

मेमे